लेक अचानक अंगावर पिईना

वाचक आईचं पत्र, थोडक्यात: मी बेळगावातल्या वडगावात राहते, माहेर आजऱ्याकडचं. शहापुरातल्या एका पतसंस्थेत काउंटरला बसते. लेक पंधरा महिन्यांची, दिवसभर सासूबाईंकडं असते. गेल्या रविवारी संध्याकाळी पाजताना ती कडकडून चावली. मी किंचाळले. त्या रात्रीपासून ती अंगावर पीत नाही. पदर सरकवला की मान फिरवते, पाठीची कमान करते, रडते. आज पाचवा दिवस. मध्ये एका पहाटे झोपेत थोडं प्याली, पण जाग आल्यावर पुन्हा तेच. पावसामुळं घरात सगळ्यांना सर्दी आहे, मीही रोज रात्री गळ्याला बाम चोळून झोपते. सासूबाई म्हणतात, "वर्ष झालं, आपोआप सुटतंय तर सुटू दे." आईनं फोनवरून मीठ-मोहऱ्या ओवाळायला सांगितल्या. ह्यांनी पावडरचा डबा आणि बाटली आणून ठेवली. शेजारच्या कन्नड अक्का तिच्या गालाला बोट लावून "हालु, हालु" असं काहीतरी म्हणाल्या. मला कन्नड फारसं येत नाही, पण हालु म्हणजे दूध एवढं कळतं. मावशी, माझं दूध नासलंय का? की लेकीचं माझ्यावरचं मन उडालं? तिला परत कसं आणू? (यापुढची ओळ लिहून खोडलेली, पण वाचता येते.) खरं सांगते, मंगळवारी रात्री ती उठलीच नाही. मी सलग पाच तास झोपले आणि सकाळी मला बरं वाटलं. ते तिला कळलं असेल का?

तू मला मावशी म्हटलंयस, तेव्हा एकेरीतच बोलते.

ती खोडलेली ओळ मी सोडणार नाही, पण तिच्याकडं सावकाश येऊ. त्याआधी जाता जाता लिहून टाकलेलं तुझं एक वाक्य घेते. एका पहाटे झोपेत ती थोडं प्याली.

दूध नासलं असतं तर झोपेतही तिनं तोंड वाकडं केलं असतं. मन उडालं असतं तर अर्धवट झोपेत तुलाच कशाला शोधलं असतं? (आणि दूध छातीत नासत नाही. ते काही ओट्यावर झाकून ठेवलेलं पातेलं नव्हे. मागणी असेल तसं ते आत बनत राहतं.) झोपेत चालतं आणि जागेपणी चालत नाही, याचा सरळ अर्थ असा की जागेपणी तिला काहीतरी दुखतंय, नकोसा वास येतोय किंवा कशाची तरी धास्ती वाटतेय. पंधरा महिन्यांच्या पोरीला यातलं एकही सांगता येत नाही. मान फिरवता येते, तेवढी ती फिरवते.

सासूबाई म्हणतात तसं आपोआप सुटण्याची चाल वेगळी असते. मूल आपण होऊन सोडतं तेव्हा आधी दुपारचं विसरतं, मग कधीतरी संध्याकाळी खेळात रमून येतच नाही, रात्रीचं तेवढं धरून ठेवतं. असे महिने जातात, आणि तेही बहुधा दोन वर्षांच्या अलीकडं-पलीकडं. शनिवारी पोटभर प्यायलेली पोरगी रविवारी रात्री एकदम नको म्हणते आणि वर स्वतःच रडते, तो संप असतो. इंग्रजीतसुद्धा डॉक्टर लोक याला संपच म्हणतात. आपल्याकडं गाय पान्हा चोरते म्हणतात, इथं वासरू रुसलंय इतकंच. हे रुसवे बहुतेक दोन-चार दिवसांत मिटतात, काही आठ-दहा दिवस ओढतात. तुझा पाचवा दिवस म्हणजे हातातून काही गेलेलं नाही.

आता त्या अक्कांकडं येऊ, कारण मला वाटतं निम्मं उत्तर त्यांनी तुला तेव्हाच देऊन टाकलं होतं. कन्नडमध्ये हालु म्हणजे दूध, हे तुझं बरोबर. पण हल्लु म्हणजे दात. आजऱ्याहून आलेल्या कानाला या दोन शब्दांतला फरक पटकन लागत नाही. मी इथंच जन्मले, तरी लहानपणी किराणावाल्याकडं माझी फजिती झालेली आहे. आता बघ, दुधाबद्दल बोलायचं असतं तर अक्कांनी बोट तुझ्याकडं केलं असतं. त्यांनी ते लेकीच्या गालाला लावलं. त्या दाताबद्दलच बोलत होत्या, पैजेवर सांगते.

आणि वय बघ. पहिल्या दाढा साधारण तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात येतात. पुढचे दात तांदळासारखे पातळ असतात, हिरडी चिरून वर येतात. दाढ रुंद असते, तिला वर यायला जागा जास्त लागते, हिरडी सुजते. चोखताना तिथंच दाब येतो. त्यामुळं भुकेली पोर तोंड लावते, कळ येते, सोडते, रडते. रविवारचा चावासुद्धा कदाचित त्याच शिवशिवणाऱ्या हिरडीचा. हात स्वच्छ धुऊन, नखं काढून, एक बोट तिच्या गालाच्या आत मागपर्यंत फिरव. टम्म फुगलेलं, पांढुरकं काही हाताला लागतंय का बघ. लागलं तर पाजायच्या आधी दोन मिनिटं तिथं बोटानं हलकं चोळ. फडक्याचा कोपरा भिजवून फ्रिजमध्ये गार कर आणि चावायला दे. औषधाच्या दुकानात हिरडी बधीर करणारं मलम मिळतं, ते दोन वर्षांखालच्या मुलाला लावायचं नाही. फारच कळवळत असेल तर पॅरासिटामॉल, पण ते वजनाप्रमाणं डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

दाढेवर सगळं ढकलून मोकळी मात्र होऊ नकोस. घरात सर्दी आहे म्हणतेस. नाक चोंदलेलं मूल एकाच वेळी चोखणार आणि श्वास घेणार कसं? आडवं घेतलं की जास्त रडत असेल, कान ओढत असेल, तर कानात दुखणं असू शकतं. चोखताना आणि आडवं झाल्यावर ते वाढतं. नाकासाठी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते पाजण्याआधी घाल आणि तिला उभं धरून पाज. तोंडात, तळहातांवर, तळपायांवर पुरळ किंवा फोड आहेत का बघ. पावसाळ्यात पोरांत ती साथ फिरते आणि तोंडातल्या फोडांनी मुलं पाणीसुद्धा नाकारतात. जिभेवर, गालाच्या आत पुसलं तरी न निघणारे पांढरे ठिपके असले तर तो बुरशीचा प्रकार, त्याला औषध आहे. आणि 38 अंश सेल्सिअसच्या वरचा ताप दातांच्या खात्यावर मांडायचा नाही. आपल्याकडं जुलाब, ताप, खोकला, सगळं "दात येताहेत" म्हणून आठवडाभर अंगावर काढतात. पाच दिवस झालेत, सर्दीही आहे, तेव्हा उद्या-परवा एकदा बालरोगतज्ज्ञांकडून कान, घसा, तोंड बघून घेच. मुलीचं तायी कार्ड (आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) बरोबर ने, वजनाची नोंदही होईल.

तुझ्या पत्रातला बाम मला तितकाच खटकला. मुलं आईला आधी वासानं ओळखतात. रोज रात्री गळ्याला कापूर-निलगिरीचा भपकारा घेऊन तू तिला जवळ ओढतेस, तेव्हा तिच्या नाकाला ती जागा परकी वाटत असणार. शिवाय कापूर असलेला बाम दोन वर्षांखालच्या मुलाच्या अंगाला लागूच नये. आठवडाभर बाम बंद, नवा साबण-पावडर-अत्तर काही सुरू केलं असेल तर तेही बंद. वाफ घे, मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर.

या वासाच्या गोष्टीवरून निपाणीकडच्या वाचक भगिनींसाठी दोन शब्द. विड्या वळून किंवा तंबाखूच्या वखारीतून आल्यावर हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, ब्लाउज-साडी बदला, मग मूल घ्या. नुसत्या वासाचा प्रश्न नाही, तंबाखूचं विष कातडीतूनही अंगात शिरतं. आणि मशेरी लावणाऱ्यांनो, ती दुधात उतरते. बाळाला तिची चव कळते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते.

बरं, किंचाळण्याचं. चावल्यावर कुणीही किंचाळेल, मीही किंचाळले होते. पोरगी दचकली असेल आणि त्या जागेशी तिनं तो आवाज जोडला असेल, हे शक्य आहे. काही मुलं त्यानंतर दोन-तीन दिवस घाबरतात. पण म्हणून ती तुझ्यावर रागावून बसली आहे असा अर्थ काढू नकोस. दिवसभरानंतर तू घरी आलीस की ती हात पसरते का? तुझ्या कडेवर शांत होते का? तू पत्रात लिहिलेलं नाहीस, पण मला उत्तर माहीत आहे. पुढच्या वेळेसाठी एक लक्षात ठेव. मूल मनापासून पीत असतं तेव्हा त्याची जीभ खालच्या दातांवर असते, त्याला चावताच येत नाही. चावतं ते पोट भरत आल्यावर, खेळ सुरू झाल्यावर किंवा झोप लागताना. त्यामुळं चोखणं मंदावलं की तूच करंगळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवून अलगद सोडव. चावलीच तर मागं खेचू नकोस, क्षणभर तिला छातीशी घट्ट घे. नाक दाबलं गेलं की ती स्वतःच तोंड उघडते. मग शांतपणे "दुखतं" म्हणून बाजूला कर. हसू मात्र नकोस, नाहीतर तिला तो खेळ वाटेल.

अजून एक विचारते, तुझं तू उत्तर दे, मला कळवायची गरज नाही. पाळी चुकली आहे का? दिवस राहिले की दूध कमी होतं, चवही बदलते आणि मोठी मुलं तेवढ्यावरून तोंड फिरवतात. किंवा नुकत्याच गोळ्या सुरू केल्यास का? इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी दूध आटू शकतं. पाजणाऱ्या बायकांसाठी वेगळ्या गोळ्या आणि इतर साधनं आहेत, डॉक्टरांना स्पष्ट सांगून माग.

सासूबाईंबद्दल तू सरळ काही लिहिलं नाहीस, पण ओळींमधून घुसमट कळते. त्यांचं वाक्य जरा त्यांच्या काळात ठेवून बघ. वडगावात माग चालवत, कांडी भरत ज्यांनी पोरं वाढवली, त्यांना वर्षाच्या आत-बाहेर पुढचं मूल असायचं किंवा कामावर जायचं असायचं. दूध सुटणं म्हणजे एक काम हातावेगळं झालं, ही त्यांची भाषा. कोरफड नाहीतर काळा बोळ लावून दूध तोडायचे ते दिवस. त्या मानानं "सुटतंय तर सुटू दे" हे फार मऊ बोलणं आहे. तुझ्या मनात असा विचार आला असेल की त्यांनीच काही केलं, तर तो काढून टाक, पत्रात त्याला कुठलाही आधार मला दिसला नाही. उलट त्यांना कामाला लाव. दिवसा चार-चार वेळा चहात बुडवून बिस्कीट मिळत असेल तर ते बंद करायला गोडीत सांग. चहानं लोह अंगी लागत नाही, भूक मरते आणि संध्याकाळी तू येतेस तेव्हा पोट भरलेलं असतं. आईच्या मीठ-मोहऱ्यांना माझा आक्षेप नाही, ओवाळून चुलीत टाक, धूर तेवढा पोरीच्या नाकात जाऊ देऊ नकोस.

आणि तो डबा. नवऱ्यानं काळजीपोटीच आणला, त्याला बोलू नकोस. पण एक सांगते. पावडरच्या डब्यांची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला आपल्या देशात 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. एखाद्या घरगुती वस्तूसाठी इतका कडक कायदा उगाच होत नाही. बाटलीचं निपल चोखायला सोपं असतं, संपावर गेलेल्या पोराला ते मिळालं की परतायचं कारण उरत नाही. शिवाय वर्षानंतर पावडरची गरजच नसते. या वयाला ताजं उकळलेलं गाईचं किंवा म्हशीचं दूध चालतं, दिवसाला फार तर अर्धा लिटर, वाटीनं किंवा पेल्यानं. त्याहून जास्त दिलं तर भाकरी-भाजी खायला पोटात जागा राहत नाही आणि अंगातलं रक्त कमी होतं. बाटली कपाटात ठेव. डबा फोडलेला नसेल तर दुकानदार परत घेतो का बघ.

आता तुझ्याकडं. "छाती दगडासारखी झालीय" असं तू लिहिलं नाहीस, पण पाच दिवसांत झाली नसेल तर नवल. ते दूध काढलंच पाहिजे. पुढं पाजायचं असो वा नसो, आत्ता काढायचंच. ती जितक्या वेळा प्यायची, साधारण तितक्या वेळा. हातानं जमतं. अंगठा वर, दोन बोटं खाली, काळसर भागाच्या कडेला ठेव, आधी छातीच्या बाजूला मागं दाब, मग एकमेकांकडं दाब, मग सोड. दुधाच्या धारेला लय लागेपर्यंत मिनिटभर जातो. पतसंस्थेत दुपारी दहा मिनिटं काढ. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या ठिकाणी पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा मधल्या सुट्या कायद्यानं मिळतात. तू अगदी त्या रेषेवर आहेस, तरी मॅनेजरबाई असतील तर नुसत्या शब्दावर ऐकतील. काढलेलं दूध झाकून खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. ते लेकीला वाटीनं दे, नाचणीच्या खिमटीत घाल, मऊ भातात कालव. एखादी गाठ राहिली तर गार फडकं ठेव, जोरजोरात मळू नकोस. मळल्यानं सूज वाढते. छातीवर लाल पट्टा, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. तेव्हाही दूध काढणं थांबवायचं नसतं. आणि दूध उतरूनही एखादी गाठ तशीच राहिली, किंवा लेक कायम एकाच बाजूला नको म्हणत असेल, तर ती बाजू तपासून घे.

लेकीचीही एक खूण लक्षात ठेव. आठ तासांत लघवी नाही, जीभ कोरडी, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, मलूल पडलीय, यातलं काही दिसलं तर दवाखाना, रात्र असली तरी. 108 ला फोन कर. तोवर पाणी, ताक, वरणाचं पाणी, घोट घोट चालू ठेव. तशी ती या वयाला खाते-पिते, म्हणून पाच दिवसांनीही तुझ्याकडं विचार करायला वेळ आहे. चार महिन्यांचं बाळ असतं तर मी तुला पत्राचं उत्तर देत बसले नसते.

परत आणायचं असेल तर कसं? माझा थोरला, आज त्याला दाढी आहे, अकराव्या महिन्यात असाच रुसला होता. मी धारवाडला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले होते, परत आले तर साहेब ओळख द्यायला तयार नाहीत. एका डॉक्टरांनी तर मला हात न लावता "आटलं तुमचं, डबा सुरू करा" म्हणून चिठ्ठी लिहिली. मी चार दिवस त्याच्या मागं लागले, डोकं धरलं, तोंड दाबून लावलं. तो जास्तच चवताळला. पाचव्या रात्री धो धो पाऊस आला आणि वीज गेली. अंधारात मी दमून त्याला पोटावर घेऊन आडवी झाले, पाजायचा विचारही मनात नव्हता. अर्ध्या तासानं त्यानं स्वतःच शोधलं. वीज कंपनीचे आभार मानावेत असा माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग.

त्या रात्री अपघातानं जे जमलं, ते तू जाणून करू शकतेस. जोर नाही. पदर बाजूला करून "घे ना गं" म्हणायचं नाही. दोन दिवस पाजण्याचं नावच काढू नकोस, पण अंग मात्र भरपूर दे. कामावरून आल्यावर दोघी मिळून कोमट पाण्यानं अंघोळ करा, उघड्या अंगाला उघडं अंग लागू दे, एकाच रजईत लोळा. खोलीत अंधार कर. ती पेंगायला लागली की आणि पहाटे उठायच्या थोडं आधी, या दोन वेळा तिच्या सवयीच्या आहेत, तेव्हाच जवळ घे. तिची पहाटेची वाट आधीच उघडी आहे. बसून घेत नसेल तर उभ्यानं झुलवत घे, नेहमीपेक्षा वेगळ्या कुशीवर झोपून बघ. आधी थोडं हातानं काढ, म्हणजे तोंड लावताच दूध येईल आणि दुखऱ्या हिरडीला फार ओढावं लागणार नाही. रडली की लगेच थांब. फिरायला ने, चिमण्या दाखव. त्या जागेशी रडण्याची आठवण पुन्हा जोडली जाऊ नये, यासाठी सगळी धडपड.

पण परत आणलंच पाहिजे का? इथं मी तुला थोडं थांबवते, कारण तू "कसं आणू" विचारलंस आणि "आणायचं आहे का" हे स्वतःला विचारलं नाहीस. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढं वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं आणि त्यापुढंही पाजायला सांगते. दुसऱ्या वर्षातही मुलाच्या गरजेच्या साधारण एक तृतीयांश ऊर्जा आईच्या दुधातून मिळू शकते, आजारपणात तर पोरं तेवढंच घेतात. म्हणून "वर्ष झालं, आता त्यात काही नसतं" हे खोटं. पण पंधरा महिने पाजून थांबणारी आई काही गुन्हा करत नाही, हेही तितकंच खरं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताहाची पोस्टरं अंगणवाडीत लागतात. त्यावर नेहमी तान्हं बाळ असतं, हसरी आई असते. दिवसभर नोटा मोजून आलेली, आणि रात्री तीनदा उठवणारी दातवाली पोर असलेली बाई त्यावर मी अजून पाहिलेली नाही.

तेव्हा ती खोडलेली ओळ. सव्वा वर्ष एकही रात्र सलग झोपली नव्हतीस, म्हणून पाच तास झोप लागली. शरीराला बरं वाटलं. त्यासाठी मनाची परवानगी लागत नाही. ते बरं वाटणं तिला कळलं का? नाही. रुसवा रविवारचा, झोप मंगळवारची. तुझ्या सुखाची चाहूल दोन दिवस आधी लागायला ती काय ज्योतिषी आहे? पण तू हा उलटा हिशोब मांडलास, म्हणजे आधीपासूनच कुठंतरी "मला हे आता झेपत नाही" असं तुला वाटत होतं आणि ते म्हणायची सोय नव्हती. सासूबाई सुटू दे म्हणाल्या तेव्हा तुला राग आला. त्या चुकल्या म्हणून आला, की त्यांनी तुझ्या मनातलं आधी बोलून दाखवलं म्हणून आला? हे तुझं तूच बघ. बरं वाटणं आणि पहाटे पदर ओला झाल्यावर रडू येणं, दोन्ही एकाच बाईला एकाच आठवड्यात होतं. मला झालं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, तू निदान लिहिलंस.

त्यामुळं आज काही ठरवू नकोस. दाढ ठणकत असताना, नाक चोंदलेलं असताना, तू बामात आणि अपराधात बुडालेली असताना घेतलेला निर्णय कुणाचाच नसतो. आणखी चार-पाच दिवस दूध काढत राहा, म्हणजे दोन्ही रस्ते उघडे राहतील. ती परतली आणि तुला पुढं चालवायचं असेल तर चालव. रात्रीचं तेवढं कमी करायचं असेल तर नवऱ्याला एका बाजूला झोपव. पाणी पाजून थोपटायला बापाचा हातही चालतो, डबा आणणाऱ्या माणसाला हे जमेल. ती परतली नाही, किंवा तुलाच आता पुरे वाटलं, तर दूध काढणं एकदम बंद करू नकोस. दर दोन-तीन दिवसांनी एक वेळ कमी कर, छातीतला ताण जाण्यापुरतंच काढ, आठ-पंधरा दिवसांत आपसूक उतरेल. दूध सुटलं तरी ती पहाटेची कूस सोडू नकोस. ती तिची आहे.

उद्या रविवार. अक्कांना चहाला बोलाव. लेकीला त्यांच्या मांडीवर दे, आणि तिच्या तोंडात बोट घालून बघून त्या काय म्हणतात ते या वेळी नीट कान देऊन ऐक. हालु की हल्लु.